उभं राहण्याचा सराव

९ फेब्रुवारी, सोमवार

जे घडलं ते, क्रमाने.

१. दुपारी जेवणाच्या सुट्टीत आगीची वर्दी आली. बिरसी रस्त्यावरच्या एका राइस मिलच्या मागे धानाच्या कोंड्याचा ढीग धुमसत होता. इमारतीला आग नव्हती.

२. बंबावर आम्ही पाच जण. ड्रायव्हर दुधराम, लीडिंग फायरमन चुन्नीलाल, फायरमन विक्की, फायरमन उमेंद्र आणि मी, सब-ऑफिसर.

३. ढिगाचा वरचा थर राखाडी आणि शांत दिसत होता. आतून तो जळत पोकळ होत गेला होता. हे बाहेरून दिसत नाही.

४. मी पंपापाशी दाब पाहत होते. उमेंद्र फावडं घेऊन ढिगावर चढला. त्याला कोणी चढ म्हटलं नाही, चढू नको असंही म्हटलं नाही. वर चढून कोंडा उलटायचा आणि मग पाणी मारायचं, ही इथली रीत आहे.

५. थर फुटला. उमेंद्र मांड्यांपर्यंत आत गेला.

६. चुन्नीलाल धावत वर गेला आणि गुडघ्यापर्यंत खचला. त्याच्या वजनाने बाजूचा कोंडा सरकला. उमेंद्र कमरेपर्यंत गेला.

७. मिलचे हमाल धावले. मी त्यांना अडवलं. उमेंद्रला ओरडून सांगितलं, हात आडवे पसर, हलू नकोस.

८. शिडी ढिगावर आडवी टाकायला हवी होती. शिडी बंबावरच होती. रस्त्याने खडखडते म्हणून कुणीतरी ती तारेने आवळून टाकली होती. पक्कड सापडली नाही.

९. मिलच्या गोदामाचं दार बिजागरीतून काढून ढिगावर टाकलं. त्यावरून दोघांना ओढलं. चुन्नीलालचे तळहात भाजले. उमेंद्रचे दोन्ही पाय.

१०. मी ढिगावर गेले नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

उमेंद्रला गोंदियात दवाखान्यात ठेवलं आहे. जबाबासाठी गेले. पाय वाचतील, कातडी लावावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

त्याची आई रुख्माबाई खाटेजवळ खाली बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"तूच का थे मॅडम?"

"हो."

"सारे धावले म्हनते. तू उभी होती म्हनते."

"हो."

"काऊन उभी रायली वं तू? तुले कोनी भाऊ नाही का?"

उत्तर तांत्रिक आहे आणि ती वेळ नव्हती. उमेंद्र जागा होता. म्हणाला, "माय, चूप राय." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, मले तिथं कोनाचाच आवाज आयकू येत नोहता. फकत तुमचा येत होता. हात पसर म्हनलं तुमी, तं पसरले."

नोंद: गोंधळातही आज्ञा ऐकू जाते. ती लहान असावी. एका माणसाने द्यावी.

खोलीवर येऊन भात टाकला होता. खाल्ला नाही. भाताचा कंटाळा आला असावा.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

नगरपंचायतीच्या मुख्याधिकारी साहेबांनी बोलावलं. अहवाल तयार होता, माझी फक्त सही हवी होती. त्यातलं मुख्य वाक्य असं: "सदर फायरमन कोणत्याही आदेशाविना, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे ढिगावर चढला."

मी म्हटलं, "यातला अर्धा भाग खरा आहे. आदेश नव्हता. पण निष्काळजी म्हणायला आधी काळजी कशी घ्यायची ते शिकवलेलं असावं लागतं. पळसटोल्याच्या या अग्निशमन केंद्रावर कोंड्याच्या आगीचा सराव एकदाही झालेला नाही."

"फायरमन आहे न तो? त्यात शिकवायचं काय? पाणी मारायचं."

"बिरसीच्या विमानतळावर विमान चालवायला शिकणाऱ्या मुलांच्या शेजारी शिक्षक बसतो, साहेब. पोरगं चुकलं तर शिक्षक सावरतो. आमची माणसं थेट आगीत शिकतात. चुकली तर दवाखान्यात."

साहेब हसले. वाईट माणूस नाहीत. त्यांना फाईल बंद करायची आहे. एका माणसाचं नाव घातलं की ती बंद होते. "आम्ही शिकवलं नाही" असं लिहिलं की उघडी राहते.

"मॅडम, तुमचा परिविक्षा काळ एप्रिलमध्ये संपून राहिला न? कायम व्हायचं आहे न तुम्हाला? देखो, सोच लो."

"विचार केला आहे. या वाक्यावर सही होणार नाही."

"तर मग कोणत्या वाक्यावर होईल?"

"सराव सुरू करू द्या. मग लिहून देते."

"सराव-बिराव एप्रिलमध्ये, अग्निशमन सप्ताहात. पाहुणे येतील, तेव्हा शिडीवरून एखादा माणूस उतरवून दाखवा. फोटो पण चांगले येतात."

एप्रिलपर्यंत पळसटोल्याच्या भोवती प्रत्येक मिलमागे कोंडा साचलेला असेल, आणि ऊन असेल. हे मी बोलले. त्यांनी फोन उचलला.

१५ फेब्रुवारी, रविवार

केंद्रावर सगळ्यांना बसवून सांगितलं. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी, इच्छा असेल त्यानेच यायचं. सडक अर्जुनीच्या वाटेला एक बंद मिल आहे. मालकाने तोंडी होकार दिला आहे. मागे थंड कोंड्याचा जुना ढीग आहे, आग नाही. त्यात सराव करायचा.

शिकायचं एकच. माणूस खचला की कोणी धावायचं नाही. आधी थांबायचं, मग शिडी आडवी, मग फळ्या, मग एकच माणूस पोटावर सरकत जाईल. अडकलेल्याला हात धरून ओढायचं नाही. त्याच्याभोवती टिनाचे पत्रे खाली दाबायचे, आतला कोंडा घमेल्याने उपसायचा, मग तो सुटतो.

चुन्नीलाल हातांची पट्टी न्याहाळत ऐकत होता. वयाने माझ्या वडिलांएवढा आहे.

"मॅडम, एक विचारू?"

"विचारा."

"तुमाले आमाले उभं रायनं शिकवाचं आहे म्हना नं."

विक्की फिस्स करून हसला.

"आमच्याकडं कोनी पडला, बुडला, जळला, तं धावून जातेत. लहानपनापासून आमाले हेच शिकवलं. उभं राहून पाहनाऱ्याले मानूस नाही म्हनत. त्याले काय म्हनते थे मी तुमच्यासमोर नाही सांगत."

"तुम्ही धावलात म्हणून उमेंद्र कमरेपर्यंत गेला," मी म्हटलं.

दुधराम उठून पाणी प्यायला गेला. वाक्य बरोबर होतं. त्या वेळी बोलायला नको होतं की काय, कळत नाही. चुन्नीलालचा चेहरा मला वाचता आला नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

पहिला सराव. मला वाटलं होतं कोणी येणार नाही. सगळे आले. चुन्नीलालसुद्धा. ढिगापासून लांब बाभळीखाली बसून राहिला. "मी पाहतो फकत. हात दुखते."

जुन्या बारदान्यात कोंडा भरून माणसाएवढा पुतळा केला. विक्कीने कोळशाने त्याला मिश्या काढल्या आणि नाव ठेवलं चेअरमन. पुतळा ढिगात कमरेपर्यंत पुरला. मी सांगितलं, मी "माणूस खचला" असं ओरडेन. ओरडले की काय करायचं?

"उभं रायचं!" सगळे एका सुरात.

ओरडले. विक्की आणि दुधराम धावत ढिगावर गेले. दुधराम ड्रायव्हर आहे, त्याने जायचंच नव्हतं.

"अरे, तुम्ही कशाला गेलात?"

"पायच गेले मॅडम," दुधराम म्हणाला. "मी नाही गेलो. पाय गेले."

पुन्हा केलं. पुन्हा गेले. मग मी दोघांना दोराने बंबाच्या चाकाला बांधलं. हसून हसून विक्कीच्या डोळ्यांत पाणी आलं. बांधलेल्या अवस्थेत त्यांनी पाहिलं की घाई न करता शिडी टाकली तर ती किती लवकर पडते. त्यानंतर सोडलं. शेवटच्या फेरीत कोणी धावलं नाही. पण विक्की उभ्या उभ्या पाय आपटत होता. शर्यतीआधी बैल आपटतो तसा.

परतताना बाभळीखालून चुन्नीलाल म्हणाला, "चेअरमनसाठी उभं रायनं सोपं हाय, मॅडम. चेअरमन ओरडत नाही."

त्याचा हा मुद्दा बरोबर आहे.

१ मार्च, रविवार

दुसरा सराव. शिडीची तार गेली आहे. त्या जागी रबराच्या ट्यूबचा पट्टा, एका झटक्यात सुटणारा. गाडी गॅरेजला गेली होती, बहुतेक तिथल्या मिस्त्रीने केलं. चांगलं काम आहे, त्याला सांगायला हवं. चुन्नीलालच्या खिशातून पक्कड डोकावत होती. मी विचारलं, त्या दिवशी ही कुठे होती? तो निघून गेला. ते विचारायला नको होतं.

आज तो बाभळीखाली नव्हता. ढिगाच्या कडेला उभा राहून विक्कीला शिव्या घालत होता. "पोटावर, बे! म्हशीवानी कायले चालून रायला? मॅडमनं काय सांगतलं?" माझ्या पद्धतीची टर उडवत असावा. पण सूचना अचूक होत्या, म्हणून अडवलं नाही.

पत्रे दाबायला जड जातात. वरच्या कडेला लाकडी मूठ हवी. करून घेते.

उमेंद्रला पाहून आले. जबाब पूर्ण झालेला आहे, तरी पायांची प्रगती नोंदवायला हवी. रुख्माबाईने मला स्टुलावर बसायला सांगितलं नाही. मी उभीच राहिले. जाताना ती म्हणाली, "तुले उभं रायाची सवयच हाय वाटते." उमेंद्रला हसू आवरेना. मलाही थोडं आलं.

५ मार्च, गुरुवार

साहेबांचं स्मरणपत्र. अहवालावर सही कधी? मी तोंडी सांगितलं, होणार नाही. कारकून दाराआडून ऐकत होता. साहेब म्हणाले, "तुम्ही स्वतःचं नुकसान करून घेऊन राहिल्या आहात." मी म्हटलं, "ते माझं आहे."

एप्रिलमध्ये त्यांनी मला कायम केलं नाही तर नोकरी जाईल. हे मी एकदा लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा पुन्हा मनात येणार नाही.

८ मार्च, रविवार

तिसरा सराव. आज पुतळा नाही. पुतळा ओरडत नाही. ज्या जागी मी जाणार नाही तिथे माणूस पाठवणं मला मान्य नाही. म्हणून ढिगात मी उतरले.

व्यवस्था अशी होती. कोंड्यात कमरेएवढा खड्डा. माझ्या छातीला दोर, दोराचं टोक दुधरामच्या हातात. वरचा उतार आधी फावड्याने कमी केलेला. कोंडा थंड, तपासलेला.

काय चुकलं: उतार जितका कमी करायला हवा होता तितका झाला नव्हता. मी बसल्यावर वरून कोंडा सरकला. आधी छातीपर्यंत, मग खांद्यांपर्यंत. कोंडा हलका वाटतो. तसा तो नसतो. श्वास सोडला की त्या जागेत तो शिरतो आणि पुढचा श्वास लहान होतो.

पुढचं मला सलग आठवत नाही. विक्की म्हणतो की मी ओरडले. नुसतं ओरडले नाही, "या, धावा, या नं" असं ओरडले. इकडच्या झाडीपट्टीतल्या बोलीत. आणि "माय" म्हणाले. मला आठवत नाही. मी मोरगावची असले तरी तशी बोलत नाही.

मला आठवतं ते हे. ते उभे होते. सगळे. विक्की रडत होता आणि उभा होता. चुन्नीलालने त्याची कॉलर पट्टी बांधलेल्या हाताने धरून ठेवली होती. मग चुन्नीलालचा आवाज, एकट्याचा, "शिडी." शिडी पडली. "फळी." फळी पडली. मग तो स्वतः पोटावर सरकत आला, वय आणि हात असे असताना. माझ्या तोंडासमोरचा कोंडा हाताने बाजूला केला. म्हणाला, "हात पसर वं पोरी. हलू नोको." मी पसरले. पत्रे दाबले, उपसलं, काढलं.

बाहेर आल्यावर तो बंबाच्या पलीकडे जाऊन बराच वेळ उभा होता. डोळ्यांत कोंडा गेला असावा. मी पाणी पाठवलं.

मूल्यमापन: सराव यशस्वी. क्रम अचूक. कोणी धावलं नाही. उताराची चूक माझी, पुढच्या वेळी सुधारायची.

त्याने मला पोरी म्हटलं. शिस्तीच्या दृष्टीने योग्य नाही. मी समज दिली नाही.

१० मार्च, मंगळवार

बंद मिलच्या कुंपणाबाहेरून कोणीतरी मोबाईलवर चित्रफीत काढली आहे. सगळ्या तालुक्यात फिरते आहे. खाली लिहिलं आहे: "बाई गाडली जात आहे, जवान तमाशा पाहत आहेत. पळसटोला अग्निशमनची शरम."

त्यात माझं ओरडणं ऐकू येतं. मी एकदा ऐकलं. पुन्हा ऐकण्याची तांत्रिक गरज नाही.

विक्कीला पानठेल्यावर कुणीतरी म्हटलं, "काय बे, बाई मरून रायली होती आन् तू फोटोवानी उभा?" विक्की भांडला. ओठ फुटला आहे. मी विचारलं, काय उत्तर दिलंस?

"मी म्हनलं, उभं रायाले दम लागते, साल्या. तू राहून दाखव."

त्याला मी शिस्तभंगाबद्दल समज दिली. मग टिंक्चर लावलं.

११ मार्च, बुधवार

संध्याकाळी रुख्माबाई केंद्रावर आली. दवाखान्यातून थेट, बसने. चित्रफीत तिनेही पाहिली होती. दारातूनच म्हणाली, "तूच गाडून घेतलं होतं का स्वताले?"

"हो."

"आन् थे नाही धावले."

"नाही."

"आन् मंग वाचली तू."

"हो."

ती बाकावर बसली. चुन्नीलालने चहा आणला. त्याने कप तिच्याकडे केला तेव्हा त्याचे तळहात तिला दिसले. नवी, गुलाबी कातडी. ती पाहत राहिली.

"तू धावला होता नं रे बापा, माह्या पोरासाठी," ती त्याला म्हणाली.

"धावलो," चुन्नीलाल म्हणाला. "धावलो म्हनून तर तो आणखी खाली गेला, बाई. मले कोनी सांगतलंच नोहतं. बावीस साल नोकरी केली. कोनी सांगतलंच नाही."

मग तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मॅडम उभ्या होत्या म्हनून आमी दोघंबी निंगलो."

मी डबा आणला होता. रुख्माबाईने तो उघडून पाहिला. नुसत्या पोळ्या. "भात नाही खात का वं तू? झाडीतली असून?" मी म्हटलं, काही दिवस जमत नाही. तिने जास्त विचारलं नाही. तिचा हात माझ्या डोक्यावर एक क्षण होता. मी बाजूला झाले नाही.

१३ मार्च, शुक्रवार

साहेबांची नोटीस. तीन गोष्टी. एक, परवानगीशिवाय सराव घेऊन केंद्राची बदनामी केल्याबद्दल खुलासा. दोन, पुढील आदेश होईपर्यंत सगळा सराव बंद. तीन, ८ मार्चच्या घटनेत "निष्क्रिय उभे राहिलेल्या" चुन्नीलाल, विक्की आणि दुधराम यांच्यावर कारवाईचा प्रस्ताव मी स्वतः पाठवायचा.

चुन्नीलालने नोटीस वाचून घडी घातली. "मॅडम, आमचं नाव लिहून टाका. माही नोकरी दोन सालाची रायली. तुमची सारी पडली हाय. आमी काही म्हननार नाही."

"लिहिणार आहे," मी म्हटलं. "तुमची नावं नक्की लिहिणार आहे."

त्याने मान डोलावली आणि शिडी पुसायला गेला. मला काय म्हणायचं होतं ते त्याला कळलं असावं असं मी धरून चालते. सांगायला हवं होतं का? उद्या प्रत त्याच्या हातात देईन.

१४ मार्च, शनिवार

आज कार्यालयात दिलेल्या पत्राची नक्कल. पोच घेतली.

प्रति, मुख्याधिकारी, नगरपंचायत पळसटोला.

आपल्या १३ मार्चच्या नोटिशीचा खुलासा पुढीलप्रमाणे.

८ मार्चच्या चित्रफितीत मी कोंड्यात अडकलेली दिसते आणि चुन्नीलाल, विक्की व दुधराम उभे दिसतात. ते माझ्या आदेशाने उभे होते. मी स्वतः "धावा" म्हणून ओरडत असतानाही त्यांनी आधी दिलेला योग्य आदेश मोडला नाही. ते धावले असते तर आज हे पत्र मी लिहीत नसते. त्यांच्यावर कारवाईचा प्रस्ताव मी पाठवणार नाही. त्यांची नावं मी उत्कृष्ट कामगिरीसाठी पाठवत आहे, सोबत जोडली आहेत. उतार कमी करण्यातली चूक माझी होती. परवानगी न घेणं हेही माझंच. त्याबद्दल जी कारवाई करायची ती माझ्यावर करावी.

९ फेब्रुवारीच्या अहवालातल्या "निष्काळजीपणा" या शब्दावर मी सही करणार नाही. मी या वाक्यावर सही करते: "फायरमन उमेंद्र नेहमीच्या रीतीप्रमाणे ढिगावर चढला, लीडिंग फायरमन चुन्नीलाल त्याला वाचवायला धावला, दोघांनाही याहून वेगळं काही कधी शिकवलं गेलं नव्हतं." सही केलेला अहवाल सोबत आहे.

सराव बंद करण्याचा आदेश मी आज पाळत आहे. परंतु पुढची वर्दी आदेश पाहून येणार नाही. म्हणून विनंती आहे की रविवार, २२ मार्चपासून दर रविवारी कोंड्याच्या ढिगावरील बचाव सरावाला लेखी परवानगी द्यावी. परवानगी नाकारायची असल्यास तेही लेखी कळवावे, आणि सराव न झालेल्या माणसांना ढिगावर जाण्याचा आदेश कोणी द्यायचा, त्या अधिकाऱ्याचं नावही कळवावे. तो आदेश मी देणार नाही.

या केंद्रावर मी एप्रिलनंतर असेन की नाही, याचा या मागणीशी संबंध नाही.

कृपया उत्तर शुक्रवार, २० मार्चपर्यंत द्यावे.

दामिनी
सब-ऑफिसर